न झाडलेली दोन काडतुसं

परवा मुलांचा फोन आला होता. तिकडे त्यांची सकाळ, शाळेला निघायच्या आधीची. सईने आधी विचारलं, "आजी, तू जेवलीस का?" अगदी आईने शिकवून ठेवल्यासारखं. मग मिहीरने फोन ओढून घेतला. "आजी, आजोबांनी जंगलात रानडुक्कर मारलं होतं ना? बाबा म्हणतात, मारायला गेले होते, पण मारलं नाही. का नाही मारलं?"

मी "अरे, त्याचं असं झालं" एवढंच म्हटलं आणि लाइन तुटली. मी रिसीव्हर जागेवर ठेवला. थोड्या वेळाने लक्षात आलं, की आपल्याला हायसं वाटतंय. तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत पहिल्यांदा हायसं वाटलं, तेही एका पोराच्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागलं नाही म्हणून. त्याची मला फार लाज वाटली.

म्हणून हे लिहायला बसले. तुम्हाला लिहिते आहे. कागदाखाली कार्बन घातला आहे, दुसरी प्रत मुलांना जाईल. मराठी वाचायला त्यांना वेळ लागतो, लागू दे. तुम्ही कुठे कुठे नोकरी केली, किती गावांच्या गुरांना जीवदान दिलं, ते सगळं तुमच्या चुलतभावाने, भास्करभाऊंनी, दहाव्याला लोकांना सांगितलं. ते मी पुन्हा लिहीत नाही. मला एकच गोष्ट सांगायची आहे. ती तुम्हाला सांगायला माझ्याजवळ नऊ वर्षं होती आणि मी सांगितली नाही.

आपल्या चोपड्याकडच्या शेतात, सातपुड्याच्या पायथ्याला, डुकरं दर वर्षी यायची. केळीची खोडं उकरायची, कंद खायची. तुम्ही म्हणायचात, "त्यांच्या वाटेत आपण केळी लावली, त्यांनी आपल्या वाटेत नाही." पण त्या वर्षी एक एकटं डुक्कर यायला लागलं, मोठं, एकाच बाजूला सुळा असलेलं. सुपडाबाई, आपल्या सालदाराची बायको, केळीच्या बुंध्याशी फुटलेली पिलं कापायला वाकली होती. ते बागेतून सरळ तिच्या अंगावर आलं आणि मांडी फाडून गेलं. योगायोगाने आपण दोघं त्या दिवशी शेतावर होतो. दवाखान्यात पोचेपर्यंत रक्त राहणार नाही म्हणून तुम्ही तिला तिथेच, खळ्यावर, गुरांच्या सुईने टाके घातलेत. मी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं. तशाही स्थितीत ती ओरडली, "नाना, मी काय म्हैस शे का?" आणि तुम्ही मान वर न करता म्हणालात, "म्हैस असतीस तर एवढी ओरडली नसतीस."

ती हसली, मग बेशुद्ध झाली. माझे हात चार दिवस थरथरत होते. तुमचे नव्हते. तुम्ही हात धुतलेत, तिला बैलगाडीत घातलंत आणि मला म्हणालात, "अर्ज तू लिही. इंग्रजीत लिही म्हणजे लवकर वाचतील."

त्या एका डुकरासाठी तुमच्या नावावर वनखात्याची परवानगी आली, पंधरा दिवसांची. तेव्हापासून जळगावच्या घरातलं आपलं जेवणाचं टेबल जेवणासाठी उरलं नाही. शाळेतून ड्रॉइंगचा मोठा कागद आणून मी नकाशा काढला. खाली आपलं शेत, वर डोंगर, मधून वर चढत गेलेला कोरडा नाला आणि नाल्याच्या टोकाला खिंड. डुक्कर दिवसा त्या नाल्यातल्या झाडीत पडून असतं. खालून हाका घातला, डबे-ढोल वाजवत माणसं पुढे सरकली, की ते नाल्यानेच वर पळणार आणि खिंडीतून पलीकडे उतरणार. खिंडीपाशी कातळावर बंदूक घेऊन तुम्ही. नाल्यावर मी लाल पेन्सिलीने बाण काढला. आपल्या शेतावरून एक पायवाट मधेच नाल्यात उतरते, तिथे फुली मारून लिहिलं, 'हाका सुरू झाल्यावर इथून कोणीही शिरायचे नाही.' हे वाक्य माझ्याच हातचं आहे.

डोंगरातल्या पाड्यावरचा जामसिंग पावरा केळीच्या ट्रकवर बसून आपल्या घरी आला होता, आठवतं? हाक्याची माणसं तोच आणणार होता. मी त्याला नकाशा दाखवला. त्याने तो पुष्कळ वेळ पाहिला आणि म्हणाला, "बाई, यामा डोंगर झोपी गया." मग माझ्या सुपातली निवडलेली ज्वारी त्याने टेबलावर ओतली, दोन्ही हातांनी तिचा डोंगर उभा केला, बोटाने नाला पाडला आणि आपल्याला दाखवलं, की ऊन चढेपर्यंत वारा डोंगरावरून खाली येतो आणि ऊन तापलं की उलटा, खालून वर चढतो. बंदूक वर असली तर हाका ऊन तापल्यावरच घालायचा, नाहीतर डुकराला आधी तुमचा वास येईल. मी ते लिहून घेतलं. होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार आणि होळी उरकल्याशिवाय एकही पावरा माणूस येणार नाही, तेही त्यानेच सांगितलं. मी कॅलेंडरवर खूण केलेली तारीख खोडली.

तेवढ्यात भास्करभाऊ आले. ज्वारीचा डोंगर, माझे रंगीत बाण, माणसांची यादी, शिट्ट्यांच्या खुणा, सगळं पाहून म्हणाले, "वहिनी, डुक्करले बी एक कॉपी धाडी द्या, म्हणजे टाइमवर येई बिचारं." जामसिंगला इतकं हसू आलं, की त्याने अर्धा डोंगर सांडला.

हसायला मलाही आलं. पण मी यादी करत होते ती भीतीमुळे. मला जे जे भिववत होतं ते मी कागदावर एका ओळीत बसवत होते आणि एक गोष्ट कुठल्याच ओळीत बसत नव्हती. डोंगर सरकारचा होता. म्हणजे कोणाचाच नव्हता आणि सगळ्यांचा होता. तिथे गुराखी जातात, डिंक काढणारे जातात, आणि होळीनंतर मोह गळायला लागला की पहाटेपासून बाया फुलं वेचायला येतात, झुडपाखाली ओणव्या बसून. आपल्या परवानगीच्या कागदाने त्यांना कोण अडवणार? तीन पाड्यांवर निरोप धाडले. तरी मला झोप लागेना. कारण झुडपात हललेली काळी आकृती डुक्कर आहे की मोह वेचणारी बाई आहे हे ठरवणार होते तुमचे डोळे.

आणि तुमचे डोळे गेले होते. मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकल्यावर काढू, असं डॉक्टर म्हणाले होते. महिन्यापूर्वीच तुम्ही चोपड्याऐवजी एरंडोलच्या एस.टी.त जाऊन बसला होतात आणि घरी येऊन तो विनोद म्हणून सांगितलात. मी त्या दिवसापासून भ्यायले होते.

"बंदूक जामसिंगला द्या," मी म्हटलं.

"परवाना माझ्या नावावर आहे. परवानगी माझ्या नावावर आहे. टाकेही मीच घातलेत."

"तुम्हाला समोरचं दिसत नाही."

"लांबचं दिसतं."

"मग एरंडोलची पाटी काय जवळ होती?"

तुम्ही हसलात. मी हसले नाही. मग तुम्ही समजुतीच्या सुरात म्हणालात, "हेडबाई, ऐक. मला जे नीट दिसत नाही त्यावर मी आयुष्यात बार काढलेला नाही. मारायचं तर एका बारात. जखमी करून सोडायचं नाही. नाहीतर बंदूक उचलायचीच नाही."

आणि मी म्हणाले, "दिसत नाही, हे तरी तुम्हाला दिसतं का?"

ते लागावं म्हणूनच मी म्हटलं होतं. लागलं. तुम्ही उठून अंगणात गेलात आणि जास्वंदीला पाणी घालत राहिलात, आळं भरून वाहायला लागलं तरी. तो वाद आपण कधीच पुरा केला नाही. त्यानंतर शिकार होईपर्यंत आपण एकमेकांशी फक्त यादीतल्या गोष्टी बोललो. दोऱ्या घेतल्या का. घेतल्या. टिंचर घेतलं का. घेतलं.

आता ती गोष्ट.

तुमच्या काडतुसांचे दोन डबे माझ्याच ताब्यात असायचे. एकात मोठ्या छऱ्यांची, डुकराला लागणारी. दुसऱ्यात तितरांसाठीची, बारीक, मोहरीएवढ्या छऱ्यांची. दोन्हींची नळकांडी लाल, लांबी सारखी. फरक फक्त तोंडावरच्या गोल चकतीवर छापलेल्या अक्षरांत, आणि ती अक्षरं तुम्हाला दिसत नव्हती. म्हणून डब्यांवर मी मोठ्या अक्षरांत चिठ्ठ्या लावून दिल्या होत्या. तुम्ही म्हणायचात, "हिच्या डब्यांवर आंधळ्यानेही विश्वास ठेवावा."

निघायच्या आदल्या दुपारी तुम्ही केस कापायला गेला होतात. मी टेबलाशी बसले, दोन्ही डबे उघडले आणि आतली काडतुसं बदलली. मोठी तितरांच्या डब्यात, बारीक डुकराच्या डब्यात. एकेक काडतूस चष्मा लावून तपासून ठेवलं. चूक होऊ नये म्हणून! माझा हिशेब असा होता, की तुमच्या हातून चुकून एखाद्या बाईवर बार निघाला, तर बारीक छऱ्यांनी ती मरणार नाही. रक्त येईल, टाके पडतील, पण जगेल. आणि तुम्ही खुनी ठरणार नाही. डुक्कर पळून जाईल, जाऊ दे. तुमच्यासमोर डुक्कर येईल तेव्हा काय, एवढी एकच ओळ माझ्या हिशेबात नव्हती. इतकं सगळं लिहून काढणाऱ्या मला ती सुचलीच नाही. ते झाकण लावताना मला वाटलं होतं, की आता कोणी मरणार नाही.

सकाळी शेतावर पोचलो. तुम्ही डुकराच्या डब्यातून सहा काडतुसं काढून पट्ट्यात घातलीत. चकतीवरून अंगठा फिरवलात, पाहिलं नाहीत. पाहून उपयोग नव्हता. मग तुम्ही आणि जामसिंगचा भाऊ दोघं वळसा घालून खिंडीकडे गेलात. जामसिंग माणसं घेऊन नाल्याच्या पार खालच्या तोंडाशी गेला, ऊन तापायची वाट पाहत. भास्करभाऊ त्यांच्याबरोबर तेलाचा रिकामा डबा गळ्यात अडकवून गेले. मी खळ्यावर सुपडाबाईपाशी राहिले.

ती खाटेवर पाय लांब करून बसली होती. मी तिला चहा दिला. ती डोंगराकडे बघत होती आणि सारखी हात जोडत होती. मी म्हटलं, "अगं, आता कशाला भितेस? आता ते तुझ्याकडे येणार नाही."

"मना पाय गया ते गया, बाई," ती म्हणाली. "पन नानाना जीव नको जावाले. ते डुक्कर खोटं शे. कोनी तरी पहिलेच त्याले बारीक छर्रा मारेल शे. ढुंगन चाळनी व्हई गयं त्यानं. तवापासून मानूस देखं का ते पळत नही. अंगवर येस."

मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"जामसिंगनी. नानासले बी ठावं शे. त्यासनीच सांगं, तुमले सांगू नको म्हनीसन. तुम्ही घाबरशात."

अहो, तुम्ही मला सांगितलं नव्हतंत. मी घाबरेन म्हणून. आणि मी तुम्हाला सांगितलं नव्हतं, मी घाबरले होते म्हणून. माझ्या हातातली कपबशी खाली पडली नाही, मी ती व्यवस्थित खाटेखाली ठेवली.  जे कोणा चोरट्या शिकाऱ्याने त्या जनावराला केलं होतं, तेच पुन्हा, तोंडावर, दहा पावलांवरून करायला मी तुम्हाला वर बसवलं होतं. आणि ते पळून जाणार नव्हतं.

मी घड्याळ पाहिलं. वाऱ्यासाठी ठरवलेली वेळ व्हायला थोडा अवधी होता. वळशाच्या वाटेने खिंडीशी पोचायला दोन तास लागतात. नाल्याने अर्धा तास. खाली जामसिंगला गाठून हाका थांबवायला त्याहून जास्त. सुपडाबाई "बाई, कोठे जाई राहिनात?" म्हणून ओरडली. मी माझ्याच फुलीवरून नाल्यात उतरले.

तो नाला मी पन्नास वेळा काढला होता. कागदावर तो एक निळी रेघ होता. आत उतरल्यावर दोन्ही बाजूंनी माझ्या डोक्याच्या वर झाडी होती आणि पुढचं वळण दिसत नव्हतं. जामसिंग खरं बोलला होता. दगड सुटे होते. चप्पल तुटली, मी ती तिथेच सोडली. एका ठिकाणी ओली माती उकरलेली होती, ताजी, आणि गोठ्यासारखा पण त्याहून उग्र वास होता. मी त्या जागेवरून गेले. मागे वळून पाहिलं नाही.

अर्ध्या वाटेत खालून हाका सुरू झाला. आधी एक शिट्टी, मग ढोल, मग पंचवीस माणसांचा एकदम आवाज. भास्करभाऊंचा डबा मला वेगळा ओळखू येत होता. मी ठरवलेल्या वेळेला, मी ठरवलेल्या ठिकाणाहून. आता ते माझ्या मागे होते आणि त्यांच्या पुढे, म्हणजे त्यांच्या आणि माझ्या मधे, किंवा माझ्या शेजारी, ते जनावर उठलं असणार. आणि माझ्या पुढे तुम्ही. लाल बाणावर मी उभी होते.

मी धावले. धावले म्हणजे हातापायांवर चढले. पन्नाशी उलटलेली बाई, कथ्थई रंगाचं लुगडं, काटे टोचू नयेत म्हणून पदर डोक्यावरून घेतलेला, करवंदीच्या जाळ्यांमधून वाकून, हात टेकत. तुम्हाला वरून काय दिसलं असेल ते मला तेव्हाच कळलं. मी ओरडायला तोंड उघडलं. खरं सांगते, आवाज आला नाही. 

जाळीतून मान वर केली तर कातळावर तुम्ही. तीस-चाळीस पावलांवर. बंदूक खांद्याला लागलेली, दोन्ही नळ्या माझ्याकडे.

किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. तुम्ही डोळे बारीक केले होतेत. एस.टी.ची पाटी वाचताना करायचात तसे. मला वाटलं, आता. आणि त्या क्षणी मला माझ्या बारीक छऱ्यांचा आनंद झाला. हेही सांगून टाकते. वाटलं, बरं झालं, मी मरणार नाही.

तुम्ही बंदूक खाली केलीत.

मग माझ्या डाव्या हाताला झाडी फाटल्यासारखा आवाज झाला आणि ते बाहेर आलं. ते एवढं उंच असतं हे मला माहीत नव्हतं. माझ्यापासून एका खाटेच्या अंतरावरून गेलं, पाठीवरचे केस उभे, मागचा पाय ओढत. कातळाखाली जाऊन थांबलं. तुमच्याकडे मान वर करून पाहिलं. तुम्ही उभे राहिलात. बंदूक तुमच्या हातात आडवी होती, ती तुम्ही उचलली नाहीत, हाललाही नाहीत. जनावर फुरफुरलं. खालचा गोंगाट जवळ आला. मग त्याने वळून खिंड धरली आणि गेलं.

माणसं वर पोचली. जामसिंगने मला पाहिलं आणि त्याचं तोंड उघडंच राहिलं. "बाई! आठे काय करी राहिनात?"

 तुम्ही कातळावरून उतरत म्हणालात, "मीच बोलावलं होतं. पाणी संपलं." माझ्या हातात पाणी नव्हतं. कोणी विचारलं नाही.

भास्करभाऊ डबा काढून धापा टाकत म्हणाले, "नाना, दहा पाऊलवर होतं! बार का नही काढा?"

"ही त्या बाजूला होती."

"मंग वहिनीनीच डुक्कर वाचाडं म्हना की!"

तुम्ही नळ्या वाकवून बंदूक उघडलीत, दोन्ही काडतुसं काढलीत, माझ्या तळहातावर ठेवलीत आणि माझी बोटं तुमच्या हाताने मिटलीत. तुमचा हात थरथरत होता. टाके घालताना न थरथरलेला. मी मूठ उघडली नाही, घरी येईपर्यंत. त्या संध्याकाळी दोन्ही डबे पुन्हा होते तसे लावले.

परवानगीचे उरलेले दिवस तुम्ही डोंगराकडे गेला नाहीत. पुढे काही वर्षं लग्नाकार्यात भास्करभाऊ तो किस्सा सांगायचे, आणि त्यात प्रत्येक वेळी तुम्ही थोडे जास्त भ्यालेले असायचात. तुम्ही ऐकून हसायचात. एकदाही म्हणाला नाहीत, की घोळ हिने घातला. पावसाळ्यात जामसिंग सांगत आला, की पलीकडच्या उतारावर त्या डुकराची हाडं सापडली, जखम चिघळून मेलं असावं. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत. मी समोर ताट घेऊन बसले होते. त्याच्या ढुंगणात कोणाचे छर्रे होते ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण ते मेलं ते मी तुम्हाला एका बारात मारू दिलं नाही म्हणून. दसऱ्याच्या आत तुम्ही बंदूक पोलिस ठाण्यात जमा केलीत, डब्यांसकट.

मी एकदाच विचारलं, "मी आहे हे तुम्हाला कसं कळलं?"

"दिसलीस की."

"खरंच?"

"डुक्कर एवढं वाकडं चालत नाही," म्हणालात आणि वर्तमानपत्र उघडलंत.

मी त्यावर विश्वास ठेवला, कारण ठेवायचा होता. नंतर मोतीबिंदू पिकला, काढला. डोळ्यावरची पट्टी सोडली, जाड चष्मा लावला, तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, पाहतच राहिलात आणि म्हणालात, "अगं, तुझे केस कधी पांढरे झाले?" नर्स हसली. मी पण हसले, आणि मग बाहेर येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसले. माझे केस चार वर्षांपूर्वीच पांढरे झाले होते. म्हणजे शेजारी बसून जेवणारी मी तुम्हाला नीट दिसत नव्हते. मग चाळीस पावलांवरच्या जाळीतली मी काय दिसणार?

तुम्हाला मी दिसले नव्हते. तुम्हाला काहीतरी हललेलं दिसलं होतं आणि ते काय आहे ते कळत नव्हतं, म्हणून तुम्ही बंदूक खाली केलीत. बस, एवढंच. जे मला टेबलाशी बसून सांगितलं होतंत तेच. नीट दिसत नाही त्यावर बार नाही. तुम्हाला तुमचं न दिसणं दिसत होतं, पहिल्यापासून. माझ्या काडतुसांची तिथे कुणालाच गरज नव्हती. आणि मला रात्री नीट झोप यावी म्हणून 'दिसलीस की' म्हणालात.

मुलांनो, तुमच्या आजोबांनी डुक्कर का मारलं नाही, ते हे असं आहे. आता तुम्ही हे बाजूला ठेवा, पुढचं त्यांच्यासाठी आहे.

अहो, दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात मी दोनदा सुरुवात केली होती. पहिल्यांदा डॉक्टर आले. दुसऱ्यांदा तुम्ही डोळे उघडून विचारलंत, "भीती वाटते का गं?" आणि मी नाही म्हटलं. तेव्हा सांगता आलं असतं. पण मला वाटलं, तुम्ही माझ्याकडे त्या कातळावरच्यासारखे, डोळे बारीक करून पाहाल, आणि या खेपेला मी कोण आहे ते तुम्हाला नीट दिसेल. त्याची मला डुकराहून जास्त भीती वाटली.

आता लिहिते. त्या दिवशी तुमच्या बंदुकीत तितर मारायची काडतुसं होती. ती मी घातली होती. ते जनावर तुमच्यासमोर थांबलं तेव्हा तुमच्या हातात काही नव्हतं, आणि तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवून उभे होतात.

आयुष्यभर माझ्यावर रागावला नाहीत. आता रागवा.